व्हॅलेंटाइनच्या चिठ्ठ्यांसाठी रिकाम्या खोक्याची टपालपेटी घरी कशी बनवायची?

मुलीच्या वर्गात १४ फेब्रुवारीला एकमेकांना चिठ्ठ्या द्यायच्या आहेत, पेटी तुमच्यावर आली आहे आणि वेंगुर्ल्यात सजावटीचं सामान धड मिळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. अहो, हापूसच्या मुलखात राहून खोक्याची काळजी कसली! गेल्या हंगामातला दोन डझनांचा पुठ्ठ्याचा खोका माळ्यावर असेलच, नसला तर शेजारी विचारा. चपलांच्या खोक्यापेक्षा तो कितीतरी दणकट. हवेसाठी ठेवलेली भोकं तेवढी आतून जाड कागद लावून बुजवा, नाहीतर पोरं बोटं घालून चिठ्ठ्या ओढणार.

कापाकापी सजावटीच्या आधीच उरका. खोका उभा ठेवा. आपलं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं असतं, त्यामुळे फट सतरा-अठरा सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद पुरे. कार्डाला चॉकलेट चिकटवायची टूम निघाली तर तीन करा. फट समोरून, वरच्या बाजूला. मागे तीन बाजूंनी कापून दार करा आणि चौथ्या बाजूवर कात्रीची बोथट कड दाबून फिरवा, म्हणजे दुमड सरळ येते. दाराला शर्टाचं बटण आणि दोऱ्याचा फास.

आता चिकटवणं. मी मालवणात मुलांचे हस्तकलेचे वर्ग घेते, त्यामुळे यावर थोडं जास्त बोलणार. मैद्याची खळ स्वस्त खरी, पण आपल्या दमट हवेत तिला बुरशी लवकर धरते आणि झुरळंही येतात. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, पण तो विषारी, मुलांच्या कामात नकोच. फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून ब्रशने लावा. बाहेरून कागद लावलात की आतूनही वर्तमानपत्राचा एक थर द्या. ओला कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला स्वतःकडे ओढतो. एकाच बाजूला लावला तर पेटीला बाक येतो, मग दार नीट बसत नाही. सकाळचं दव ओसरल्यावर अंगणात उन्हात ठेवा आणि दिवेलागणीआधी आत घ्या. पूर्ण सुकल्याशिवाय वरचा रंगीत कागद लावू नका, सुरकुत्या पडतात.

लाल घोटीव कागद चतुर्थीच्या आराशीतला उरलेला चालेल. थर्माकोल नको, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. बदामांसाठी साचा विकत आणू नका, विड्याचं पान घ्या, देठाकडे खोल खाच असलेलं. कागद दुमडा, दुमडीवर पानाची मधली शीर ठेवून अर्धंच पान आखा आणि कापा. उघडल्यावर दोन्ही बाजू अगदी सारख्या. लहान-मोठी पानं घेतली की बदामही लहान-मोठे. मुलीला शिंपले लावायचेच असतील तर ते आधी गोड्या पाण्यात धुऊन सुकवा, कारण राहिलेलं मीठ ओल धरतं आणि खालचा कागद फुगतो.

वर्गाला मिळून एकच पेटी की प्रत्येकाची वेगळी, हेही तुम्ही विचारलंय. अमेरिकेतल्या शाळांत मुलं बऱ्याचदा आपापली पेटी करतात. आपल्याला एकच बरी, आणि एका मुलाला पोस्टमन करा, त्यासाठी भांडणं होतील एवढी हौस असते. तिकडच्या बऱ्याच वर्गांतला एक नियम मात्र जरूर उचला: द्यायची तर वर्गातल्या सगळ्यांना. बाईंकडून वर्गाची यादी घ्या आणि चिठ्ठी लिहून झाली की मुलीला नावापुढे खूण करायला सांगा. पाकिटावर आडनावही हवं, हल्ली एकेका वर्गात तीन-तीन आर्या असतात.