शंका तुमच्या, उत्तरं आमची : हिरव्याची भानगड आणि दुसऱ्याची नजर

प्रश्न : ताई, नमस्कार. मी डिचोलीची. बँकेतून रिटायर झाल्यावर चित्रकलेसाठी ॲक्रिलिक रंग हातात घेतले. सकाळी नार्व्याहून फेरीबोटीने दिवाडीला जाते आणि शेतं रंगवत बसते. पण माझी शेतं अगदी प्लॅस्टिकची वाटतात. ओला असताना छान दिसलेला रंग सुकल्यावर काळपट होतो. आणि प्लेटमधला रंग तर बघता बघता सुकून चामडं होतं. काय करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, दिवाडीला जाऊन समोर बसून रंगवताय हेच मला फार आवडलं. आधी हिरव्याचं बघू. तुम्ही ट्यूबमधला तयार हिरवा सरळ लावत असणार, सॅप ग्रीन नाहीतर थॅलो ग्रीन. थॅलो तर एवढा जोरकस असतो की टाचणीच्या टोकाएवढा घेतला तरी सगळं मिश्रण खाऊन टाकतो. मग पूर्ण शेताला एकच हिरवा लागतो आणि ते शेत राहत नाही. समोर नीट बघा ना, लावणी झालेलं भात पिवळट असतं, पोटरीला आलं की निळसर गडद दिसतं, कापणी जवळ आली की सोनेरी होतं, बांधावरचं गवत आणखी वेगळं, खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या, कडेची खारफुटी जवळजवळ तपकिरी, आणि माडाची झावळ उन्हात चमकते तेव्हा ती हिरवी दिसतच नाही, तिच्यावर आभाळाचा पांढरट निळा पडलेला असतो. म्हणून महिनाभर हिरव्या ट्यूब कपाटात ठेवून द्या. लेमन यलो आणि अल्ट्रामरीन मिसळून हिरवा करा आणि त्यात किंचित बर्न्ट सिएना, म्हणजे लालसर तपकिरी, टाका, हा तिसरा रंगच हिरव्याला जमिनीवर आणतो. लांबच्या डोंगराला पिवळा कमी, निळा आणि पांढरा जास्त.

अजून एक सांगते, पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवात करू नका. आधी बर्न्ट सिएनाचा पातळ हात द्या, आपल्या लाल चिऱ्याच्या दगडाच्या रंगाचा. सुकला की त्यावर हिरवे लावायचे आणि मध्ये मध्ये बारीक फटी सोडायच्या. त्या फटीतून लाल डोकावतो आणि शेजारचा हिरवा आपोआप जिवंत होतो. गोव्याची माती खालून तशीच तर दिसते.

काळपट होतो त्याचं कारण असं की ॲक्रिलिकमधलं बाइंडर, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट भाग, ओलं असताना दुधाळ असतं, पाणी उडून गेलं की ते पारदर्शक होतं, दुधाळपणा जातो आणि रंग एक पायरी गडद होतो. सगळ्यांचाच होतो, तुमच्या हाताचा दोष नाही. कॅनव्हासशेजारी जाड कागदाची एक पट्टी ठेवा, प्रत्येक मिश्रणाचा ठिपका तिच्यावर लावून दोन मिनिटं सुकू द्या आणि मगच ठरवा. थोडे दिवसांनी अंदाज येतो, मिसळतानाच जरा उजळ घ्यायची सवय लागते.

सुकण्याला उपाय सोपा आहे. झाकणाचा चपटा प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा, तळाला ओला पातळ स्पंज, त्याच्यावर बेकिंगचा बटर पेपर आणि कागदावर रंग. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही चालतो. खाडीवरचा वारा सुटला की डबा पाठीमागे आडोशाला ठेवायचा आणि हातात स्प्रेची बाटली. रिटार्डर, म्हणजे रंगाचं सुकणं लांबवणारं द्रव्य, दोन-चार थेंबच घाला, जास्त झालं तर रंग चिकट राहतो. आणि रंग सैल करायला पाणी ओतत सुटू नका, फार पाण्याने बाइंडर विरळ होतं आणि रंगाची पकड जाते. पातळ थर हवा असेल तर ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे रंग न घातलेलं बाइंडर, वापरा.

प्रश्न : आम्ही काही जण रविवारी एकत्र येऊन आपापली लँडस्केप दाखवतो. एक तर सगळे "छान, छान" म्हणतात, नाहीतर मग एखादा असं बोलतो की आठवडाभर ब्रश हातात घ्यावासा वाटत नाही. चित्रं दाखवणं बंदच करावं का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : बंद अजिबात करू नका! मला वाटतं तुम्ही सगळे चित्र पूर्ण झाल्यावर, सही करून दाखवताय. सही झालेल्या चित्राचं समोरचा तरी काय करणार, कौतुक करेल नाहीतर चुका काढेल. अर्धं असताना न्या. ॲक्रिलिकचा हाच तर मोठा फायदा, पातळ थर अर्ध्या तासात सुकतो आणि त्यावर बिनधास्त दुसरा चढवता येतो, म्हणजे सकाळी ऐकलेली गोष्ट दुपारी चित्रात करून बघता येते.

आणि "कसं वाटलं?" असं विचारूच नका. नेमकं विचारा. नजर पहिल्यांदा कुठे गेली? सकाळ वाटते की संध्याकाळ? तो डोंगर मागे जातोय का? असं विचारलं की लोक चित्राबद्दल बोलतात, तुमच्याबद्दल नाही. ज्याचं चित्र आहे त्याने सगळ्यांचं होईपर्यंत गप्प बसायचं, समजावत बसायचं नाही. मोबाइलमधला मूळ फोटोही दाखवू नका, तो दिसला की सगळे माड मोजायला लागतात.

आमच्या बैठकीतलं सांगते. एकीने लाल पायवाट आणि माडांचं चित्र आणलं होतं, कडेला छोटं पांढरं कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. तिला दाखवायची होती पायवाट, आणि नजर कुठे गेली विचारल्यावर एकूण एक जण म्हणाले, कपेल. पांढरा सरळ ट्यूबमधला होता, अख्ख्या चित्रात तेवढा उजळ दुसरा डागच नव्हता. तिने तिथेच मीडियममध्ये यलो ऑकर आणि चिमूटभर जांभळा घेऊन त्या भिंतीवर एक पातळ थर फिरवला. भिंत सावलीत गेली आणि पायवाट पुढे आली! ही गोष्ट ती एकटी घरी बसून किती दिवस शोधत राहिली असती.

जो लागेल असं बोलतो त्याला "नेमकं कुठे?" एवढंच विचारा. त्याने चित्रातली जागा बोटाने दाखवली तर त्याचं म्हणणं कामाचं आहे, करून बघा. जागा सांगता आली नाही तर सोडून द्या, मनाला लावून घेऊ नका.

व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका, सकाळी व्हरांड्यात, सावलीत, मोबाइल चित्राला समांतर धरून काढा आणि खाली साइज लिहा. आणि एखाद्या दिवशी बैठकीऐवजी सगळे मिळून पणजीला फोंतेन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंत या संस्थेत जा. चित्रकार आंतोनियो शावियर त्रिंदाद (1870–1935) यांची चित्रं तिथे आहेत. माणूस आपल्या सांग्याचा, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचा. त्यांचं माध्यम तेलरंग, पण त्यांची सावली बघा, सावली कशी रंगवायची यावर तिथेच उभं राहून तासभर बोलता येईल.

प्रश्न : पावसाळ्यात एकावर एक ठेवलेली माझी ॲक्रिलिकची चित्रं चिकटली. सोडवताना रंग निघाला. असं का झालं?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : ॲक्रिलिकचा थर वरून सुकला तरी आतून थोडा मऊच राहतो, उकाड्यात जास्तच, म्हणून दोन रंगीत बाजू दाबून ठेवल्या की धरतात. बबल रॅपही रंगावर टेकवायचं नाही, गोल वळ उठतात. चित्रं उभी ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब, आणि मध्ये सिलिकॉन लावलेला बेकिंगचा कागद घाला. व्हार्निशही पावसात करू नका, दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते, दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की करा. जिथला रंग निघालाय तिथे बुरशी असेल तर आधी कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झाडून घ्या, तोंडाला मास्क लावून, आणि मग तेवढीच जागा पुन्हा रंगवा.