पहिली ते तिसरीच्या मुलांचा वाचनालयाचा तास कसा घ्यायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत तुम्ही यंदा अतिथी शिक्षिका म्हणून लागलात, पहिली ते तिसरी एकाच खोलीत बसते, आठवड्यातून एक तास वाचनालयाचा मिळतो, कपाटात पुस्तकं आहेत, पण ‘आता वाचा’ म्हटलं की पाच मिनिटांत खोलीचा बाजार होतो. मी बेळगाव तालुक्यात अशाच वर्गाला शिकवते, म्हणून लिहिते आहे.

बाजार होतो कारण निम्म्या मुलांना वाचताच येत नाही. पहिलीच्या पोराच्या हातात पुस्तक देऊन ‘वाच’ म्हटलं तर ते बिचारं दोन मिनिटं चित्रं बघणार आणि मग शेजाऱ्याला चिमटे काढणार. या वयात वाचनालयाच्या तासाला मुलांनी वाचायचं कमी आणि बाईंनी वाचून दाखवायचं जास्त. हे एकदा मनाशी ठरलं की बाकीचं सोपं आहे.

तास चाळीस मिनिटांचा धरला तर सुरुवातीची आठ-दहा मिनिटं पुस्तकं नुसती चटईवर पसरून ठेवा. कपाटात कणा दिसतो, मुखपृष्ठ दिसत नाही, आणि लहान मूल मुखपृष्ठ बघूनच पुस्तक उचलतं. बघू दे, पानं चाळू दे, उलटं धरलं तरी धरू दे. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला की पोरं लगेच हात लावून नमस्कार करतात. ते छानच आहे, पण त्या आदराची भीती झाली की पोरं पुस्तकाला हातच लावत नाहीत, म्हणून या वेळात ‘फाटेल हं’ हा शब्द तोंडातून काढू नका.

मग वाचून दाखवणं. पुस्तक आदल्या दिवशी स्वतः मोठ्यानं वाचून या. कुठे थांबायचं, कुठला आवाज काढायचा, हे वर्गात सुचत नाही. मुलांना अर्धगोलात बसवा, पुस्तक खांद्याजवळ मुलांकडे तोंड करून धरा, म्हणजे चित्र सगळ्यांना दिसतं आणि तुम्हाला कडेनं वाचता येतं. मोठ्या अक्षरांचं पुस्तक असेल तर वाचताना ओळीखालून बोट फिरवा. अक्षरं डावीकडून उजवीकडे जातात आणि बाई चित्र नव्हे तर ती अक्षरं वाचतायत, हे पहिलीच्या मुलाला कुणीतरी दाखवावं लागतं.

समजा गोष्टीत एक म्हातारी पिशवी घेऊन बाजारातून परत येतेय. पान उलटायच्या आधी थांबायचं आणि विचारायचं, ‘पिशवीत काय असंल?’ एवढंच. माझ्या वर्गात कोंबडी निघते, रताळी निघतात, एकजण हमखास ‘आमची आज्जी तंबाखू आणती बाजारातनं’ म्हणून सांगतो आणि सगळी हसतात. हसू द्यायचं आणि पान उलटायचं. कुणाचा अंदाज बरोबर, कुणाचा चूक, याचा हिशोब ठेवायचा नाही. शेवटी ‘या गोष्टीवरून काय बोध मिळाला?’ हेही विचारायचं नाही. तो प्रश्न एकदा विचारलात की पुढच्या वेळी पोरं गोष्ट ऐकत नाहीत, बोध शोधत बसतात. बोलायचंच असेल तर ‘तुला कुठलं चित्र आवडलं?’ हे पुरे.

एक पुस्तक एकदाच वाचून ठेवून देऊ नका. आठवडाभर तेच वाचा. रोज प्रार्थनेनंतरची पाच मिनिटं मिळाली तरी चालतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी मुलं पुढची ओळ तुमच्या आधी म्हणतात. म्हणू द्या, तुम्ही गप्प राहा. पाठ झालेल्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवून मूल जेव्हा शब्द जुळवायला लागतं, तेव्हा त्याचं खरं वाचन सुरू झालेलं असतं. मोठ्यांना तीच गोष्ट पुन्हा वाचायचा कंटाळा येतो, मुलांना येत नाही.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. पुस्तकात छापलेली मराठी आणि पोरांच्या घरची मराठी यांत बरंच अंतर असतं. काही घरांत कन्नड, काही घरांत दोन्ही मिसळून. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला आलेल्या घरातलं मूल वर्गात असेल तर त्याला तिसरीच भाषा. अशा वर्गात शब्द नसलेली चित्रपुस्तकं फार उपयोगी पडतात. ज्याला जसं येतं तसं त्यानं चित्र बघून सांगावं, मध्येच कन्नड आलं तर येऊ दे. छापील गोष्ट मात्र आहे तशीच वाचा. अडणाऱ्या शब्दाला घरातला शब्द हळूच जोडून पुढे जा, शब्दार्थ सांगायला थांबू नका.

वर्गाचं स्वतःचं पुस्तक करणं हा मला सगळ्यात आवडणारा उद्योग. एखाद्या मुलाकडे काही घडलं की त्याला सांगायला लावायचं आणि तो बोलेल तसंच, त्याच्यासमोर, मोठ्या अक्षरांत लिहायचं. आमच्याकडे असं एक पुस्तक आहे:

‘आमची म्हस याली.
रेडी झाली.
आज्जीनं खरवस केला.
रेडीला अजून नाव ठेवलं नाही.’

एका पानाला एक ओळ, वर चित्र मुलांनी काढलेलं. पाठकोरे कागद दुमडून मधून सुई-दोऱ्यानं शिवले, जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं की पुस्तक तयार. ज्याची म्हस त्याला ते पुस्तक पहिल्या दिवशी वाचता येतं, कारण वाक्यं त्याचीच आहेत, आणि बाकीच्यांनाही दोन दिवसांत येतं. ‘म्हस’ला ‘म्हैस’ करू नका. छापील पुस्तकांत म्हैस भेटतेच पुढे. रताळी काढणं, रोप लावणी, गावची लक्ष्मी यात्रा, पारायण, गल्लीत आलेला साप, विषयांना तोटा नाही. कपाटातल्या रंगीत पुस्तकांपेक्षा या शिवलेल्या पुस्तकांना आमच्याकडे जास्त मागणी असते.

तिन्ही इयत्ता एकत्र आहेत म्हणून तुम्ही वैतागला आहात, पण वाचनालयाच्या तासाला तोच फायदा आहे. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे भागातून सुरू झालेल्या नलि-कलीमुळे, म्हणजे गटात बसून खेळत शिकायच्या पद्धतीमुळे, आपल्या मुलांना गटात बसायची सवय असतेच. तिसरीच्या मुलाला पहिलीचं मूल जोडीला द्या. त्यातही तिसरीतलं जे मूल वाचनात मागे आहे, त्याला आधी द्या. नऊ वर्षांच्या पोराला एका ओळीचं पुस्तक वाचायला दिलं तर त्याला लाज वाटते. पण ‘धाकट्याला वाचून दाखवायचंय, आधी दोनदा वाचून तयारी कर’ म्हटलं की तेच पुस्तक तो ऐटीत वाचतो. वर्गातल्या हुशार मुलांना जोडी लावायची गरज नाही, ती आपापली वाचतात.

पुस्तकं लावायला दशांश वर्गीकरण, म्हणजे मोठ्या ग्रंथालयातले विषयवार आकडे, वगैरे या वयात नको. रंगाच्या टिकल्या लावा, खऱ्याच, यात्रेत मिळतात त्या, आणि वरून पारदर्शक टेप. नुसती चित्रं असलेल्याला लाल, पानाला एक-दोन ओळी असतील तर पिवळी, चार-पाच ओळींना हिरवी, त्यापुढे निळी. एका पानावर पाच शब्द अडले तर पुस्तक सध्या बाजूला ठेवावं, असा पाच बोटांचा एक नियम ऐकला असेल. तो तिसरीपासून पुढे ठीक. पहिलीच्या पुस्तकात पानावर शब्दच सात, तिथे बोटं कसली मोजता? आणि लाल टिकलीचं मूल निळं पुस्तक मागत असेल तर द्या. चित्रं बघेल, मोठ्या भावाकडून वाचून घेईल.

कन्नड पहिलीपासून आहेच, त्याचाही उपयोग करता येतो. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर कित्येक गोष्टी मराठीतही आहेत आणि कन्नडमध्येही, चित्रं तीच. फुकट उतरवून छापता येतात, परवान्यात तशी मुभा आहे. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या की पोरं स्वतःहून शोधायला लागतात, इथे ‘मांजर’ आहे तर तिथे ‘बेक्कु’ कुठे आहे. त्यासाठी वेगळा पाठ घ्यावा लागत नाही.

पुस्तक घरी द्यायचं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण खरा प्रश्न तोच आहे. द्यायचं. शनिवारी सकाळची शाळा सुटताना द्यायचं, सोमवारी परत. देवघेवीची वही तिसरीच्या मुलांकडे सोपवा: नाव, पुस्तकाचा नंबर, तारीख, बस्स. पालकांना एकच सांगायचं, की पुस्तक फाटलं तर दंड नाही, तुकडे तेवढे परत पाठवा. घरी वाचणारं कुणी नसलं तरी अडत नाही. आजी चित्र बघून स्वतःची गोष्ट सांगते, ती बहुतेक वेळा पुस्तकातल्यापेक्षा बरी असते.

एचएम, म्हणजे मुख्याध्यापक, इथे अडतील. त्यांची धास्ती स्टॉक रजिस्टरची असते, आणि ती खोटी नाही, हिशोब त्यांनाच द्यावा लागतो. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा फाटलेल्या-हरवलेल्या पुस्तकांचं वेगळं पान करा आणि ते एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, बैठकीत वाचून दाखवून सह्या घ्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टातच प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टींची पुस्तकं हवीत असं लिहिलंय, तेही गोडीनं कानावर घाला. शाळा बघायला सीआरपी, म्हणजे केंद्राचे साधनव्यक्ती, आले तर देवघेवीची वही पुढे करा. तेवढं चांगलं रेकॉर्ड दुसरं नाही.

खानापूरचा पाऊस म्हणजे पुस्तकांचा वैरीच. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि खाली विटा लावा, नाहीतर ओल आणि वाळवी दोन्ही येतात. उघडीप मिळाली की पुस्तकं व्हरांड्यात पंख्यासारखी उघडून उभी करा. कडक उन्हात नको, रंग उडतो. कसर लागली असेल तर ती पुस्तकं आधी वेगळी काढा. रोप लावणीच्या दिवसांत घरची माणसं दिवसभर शिवारात आणि पोरं भिजत घरी जातात, म्हणून पुस्तक कपड्याच्या दुकानातल्या जाड पिशवीत घालून द्या. फाटलेलं पान सेलोटेपनं चिकटवू नका, वर्षा-दोन वर्षांत पिवळा पडून डाग धरतो. पातळ कागदाची पट्टी आणि खळ पुरते.

नवी पुस्तकं कुठून? समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे, एचएमना विचारून बघा. नॅशनल बुक ट्रस्टची आणि प्रथमची पुस्तकं स्वस्त पडतात, ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रं फार चांगली. हिवाळ्यात कडोली, उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर शाळेसाठी म्हटलं तर सवलत मागता येते. मागायला लाजू नका. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक मिळाले तर घ्या, तिसरीला चालतात. ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात, म्हणजे आताच्या अरिवु केंद्रात, २०२० च्या ‘ओदुव बेळकु’ उपक्रमापासून शाळकरी मुलांना सभासदत्व मोफत आहे. मराठी पुस्तकं तिथे थोडी असतील, म्हणून पोरांना घेऊनच जा आणि मागणी लेखी द्या. बेळगावला जाणं झालं तर १८४८ पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय मुलांना नुसतं दाखवून आणलं तरी चालेल.

आणि काय करू नये, तर पुस्तकातलं पान उतरवून काढायला लावणं, वाचनाची स्पर्धा, आणि गोष्टीवर पाच प्रश्न. या तिन्हींत तुमची वही भरते आणि पोरं पुस्तकापासून लांब पळतात.

येत्या तासाला फार काही नको. कुलूप काढा, चित्रं ठसठशीत असलेलं एक पुस्तक निवडा, घरी दोनदा मोठ्यानं वाचा. पुस्तकं निवडताना अडलं तर वर्गात किती मुलं आहेत आणि घरात कुठल्या भाषा बोलतात तेवढं कळवा, त्याप्रमाणे सुचवते.