वर्गाचे फोटो, हस्तलिखितं आणि बाईंच्या आठवणी

प्रश्न: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून मी निवृत्त झाले. निरोप समारंभाचे फोटो, मुलांनी केलेली हस्तलिखितं, त्यांची पत्रं असा ट्रंकभर ठेवा आहे. त्यावरून आठवणी लिहून जुन्या विद्यार्थ्यांना द्यायच्या आहेत. पण दोन फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेत आणि एका हस्तलिखिताला कसर लागलीय. आधी काय करू, आणि लिहायला कुठून लागू?

उत्तर: बाई, चिकटलेला फोटो अजिबात ओढू नका. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. पावसाळी हवेत तो फुगून मऊ होतो आणि काचेला धरतो. ओढलात तर मुलांचे चेहरे काचेवर राहतील आणि हातात नुसता कागद येईल. पाण्यात भिजवायचा सल्लाही ऐकू नका. फ्रेमचा पुठ्ठा काढा, फोटो काचेसकट स्कॅनरवर पालथा ठेवा आणि ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. हस्तलिखितांना ३०० पुरतात.

कसरीला खळ आवडते, म्हणून खळीनं चिकटवलेली चित्रं आणि पुठ्ठा ती आधी धरते. हस्तलिखित अंगणात नेऊन एकेक पान मऊ ब्रशनं शिवणीकडून बाहेरच्या बाजूला झाडा. उन्हात घालू नका, शाई उडते. सावलीत पंख्याखाली वाळवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि डाग कायमचा राहतो. लॅमिनेशनही नको, ते परत काढता येत नाही. ट्रंक विटांवर, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. खानापूरचा पाऊस पाहता जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी ती उघडून बघायलाच हवी.

आता नावं. हे काम लिहिण्याच्याही आधीचं, कारण ते लांबलं की हातचं जातं. फोटोमागं बॉलपेननं लिहिलं तर वळ पुढं चेहऱ्यावर उठतात. फोटोची प्रत काढा, प्रत्येक डोक्यावर आकडा घाला आणि वहीत रांगेनं नावं लिहा. मूळ फोटोमागं लिहायचंच तर मऊ टूबी पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. अडलेली नावं व्हॉट्सॲपवर विचाराल तेव्हा अख्खा फोटो टाकू नका, त्याला नुसते नमस्कार येतात. एकच रांग कापून टाका आणि ‘डावीकडून चौथी कोण?’ असं विचारा.

साल आठवत नसेल तर फोटोतला फलक किंवा दाखल्यावरचा शिक्का बघा. ‘कर्नाटक राज्य’ असेल तर तो १ नोव्हेंबर १९७३ नंतरचा, कारण तोवर राज्याचं नाव म्हैसूर होतं. इंग्रजी अक्षरांत ‘बेळगावी’ असेल तर २०१४ नंतरचा; कन्नडमध्ये मात्र ते आधीपासूनच तसं लिहीत. उलट बाजूनं मात्र हा पुरावा कच्चा आहे. जुने फलक लगेच उतरत नाहीत.

लिहायला बसाल तेव्हा ‘माझी नेमणूक झाली’ इथून सुरू करू नका. एक वस्तू पुढ्यात घ्या, समजा हस्तलिखिताचं एकच पान: अक्षर कुणाचं, समास कुणी आखले, चित्र अर्धंच का राहिलं, तुमची लाल शाई कुठं लागली. एका बैठकीला एक वस्तू, दोन पानं, बस. लावणीच्या दिवसांतले रिकामे बाक, शनिवारची सकाळची शाळा, कोळशाच्या पुडीनं काळा केलेला फळा हे अशा पानामागून आपोआप येतं.

आणि मुलांची बोली शुद्ध करू नका. पोरगं ‘काय करालास?’ म्हणालं असेल तर तेच लिहा. ‘काय करतो आहेस?’ केलंत की ते पोरगं बेळगाव भागातलं राहतच नाही. संभाषणात आलेला कन्नड शब्दही राहू द्या.

नापास झालेल्यांची, फी थकलेल्यांची, मार खाल्लेल्यांची नावं मात्र बदला. कुणाचं पत्र छापायचं असेल तर आधी त्याला विचारा. ते त्यानं फक्त तुम्हाला लिहिलं होतं.

प्रश्न: आमचे गुरुजी आता लिहू शकत नाहीत. मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आहे. कसं करावं?

उत्तर: दुपारची झोप झाल्यावर बसा, पाऊण तासाच्या पुढं नको. पंखा बंद करा, मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका आणि त्यांच्यापासून वीतभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. टेबलावर ठेवलात तर कपबशीचा आवाजच मोठा येईल. दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐका, मगच पुढं चला.

‘आठवणी सांगा’ म्हटलं की मोठी माणसं भाषण करतात. ‘गुरुजी, पहिली घंटा कोण द्यायचं?’ असं विचारा. पाढे त्यांच्याच चालीत म्हणायला लावा. ती चाल कागदावर उतरत नाही. ते थांबले तर दहा सेकंद गप्प राहा, पुढचा प्रश्न घाईनं टाकू नका. घरी आल्यावर त्याच दिवशी फाइलला तारीख आणि गावाचं नाव द्या आणि एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी गुरुजींच्या घरी ठेवा.