'अबाउट' लिहू की 'रिगार्डिंग'?

प्रश्न : ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. क्लायंटच्या मेलमधलं माझं 'अबाउट', 'बिफोर' खोडून साहेब 'रिगार्डिंग', 'प्रायर टू' करतात. माझं इंग्रजी कच्चं आहे का?

उत्तर : मुळीच नाही. आपण घरी 'सुट्टीआधी' म्हणतो आणि अर्जात 'सुट्टीपूर्वी' लिहितो, तेवढाच हा फरक. ज्या क्लायंटशी रोज बोलणं होतं, त्याला 'अबाउट', 'बिफोर'च लिहा. करारात 'प्रायर टू' शोभतं. आणि 'विथ रिगार्ड टू'मधल्या 'रिगार्ड'ला 'एस' लावू नका. 'रिगार्ड्स' सहीच्या वर. ही चूक मोठ्या हुद्द्यावरची माणसंही सर्रास करतात.

प्रश्न : खारघरला सोसायटीचा सेक्रेटरी आहे. नोटिशीत 'पे मेंटेनन्स टिल १० जून' लिहिलं. एका सभासदाने लाल पेनाने 'अंटिल' केलं. बरोबर कोण?

उत्तर : कोणीच नाही. 'टिल' आणि 'अंटिल'चा अर्थ एकच. 'टिल' हे लघुरूप वाटतं, पण दोघांत तोच जुना. लिखाणात 'अंटिल' जास्त दिसतो, इतकंच. गोंधळ आपल्या 'पर्यंत'मुळे होतो. 'दहा तारखेपर्यंत पैसे भरा' आणि 'दहा तारखेपर्यंत ऑफिस उघडं राहील', दोन्हीकडे आपल्याला 'पर्यंत' पुरतं. इंग्रजीत मुदतीच्या आत एकदा उरकायच्या कामाला 'बाय' लागतं, तोवर चालू राहणाऱ्या गोष्टीला 'टिल'. तुमची नोटीस सांगते, दहा जूनपर्यंत भरतच राहा! 'बाय १० जून' लिहा. उशिरा भरणाऱ्याला दंड लावणार असाल, तर 'ऑन ऑर बिफोर १० जून' लिहा. भाषा सरकारी वाटेल, पण दहा तारीख मुदतीत धरायची की नाही, हा वाद राहत नाही. औपचारिक शब्द वापरायचा तो अशा कामासाठी.

प्रश्न : नौपाड्यात राहते. बारावीतल्या मुलीला क्लासमध्ये सांगितलंय, वाक्य 'टू' किंवा 'विथ'वर संपवायचं नाही. खरं का?

उत्तर : इंग्रज कवी जॉन ड्रायडनने १६७२ मध्ये हा आक्षेप घेतला होता. कोशकार फाउलरने १९२६ च्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात त्याला अंधश्रद्धा म्हटलं, तरी आपल्याकडे तो अजून शिकवला जातो. अशा धाकाने मुलं इंग्रजी बोलायलाच बिचकतात, याचं मला फार वाईट वाटतं. 'हू आर यू गोइंग विथ?' हे चांगलं इंग्रजी आहे. लोकलच्या डब्यात मैत्रिणीला 'विथ हूम आर यू गोइंग?' विचारलं, तर ती बघतच राहील. अर्जात मात्र 'द ऑफिसर टू हूम आय स्पोक' बरं दिसतं.

प्रश्न : 'ऑन'ऐवजी सगळीकडे 'अपॉन' चालेल का? (कोपरखैरणे)

उत्तर : नाही. 'डिपेंड'नंतर दोन्ही चालतात. वार, तारीख आणि आगगाडी यांना 'ऑन'च : 'ऑन मंडे', 'ऑन द ट्रेन'.