शेगडीभोवतीच्या फटी बुजवण्याआधी

लाकडाच्या शेगडीभोवती फट दिसली की लगेच सीलंट हातात घेऊ नका. आधी धूर खोलीत का येतोय ते बघा. घट्ट बंद घरात स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन सुरू असला की बाहेरची हवा आत यायला वाटच उरत नाही, मग ती धुराड्यातून खाली ओढली जाते. फॅन बंद करा, जवळची खिडकी दोन बोटं उघडा. धूर सरळ वर जायला लागला, तर दोष फटीचा नाही, हवेच्या तुटवड्याचा आहे. अशा वेळी बाहेरची हवा थेट शेगडीत आणणारा पाइप बसवा. तुमच्या मॉडेलला तो चालतो का, हे माहितीपुस्तिकेत बघा.

शेगडीच्या दाराच्या कडेने फट बंद ठेवणारी दोरी असते. ती तपासायची तर शेगडी गार असताना कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथली दोरी दबलीय. चारही बाजूंना करा, बिजागरीकडे हमखास राहून जातं.

छतातून धुराडं जातं तिथे मात्र फटी भरायचा फोम अजिबात नको, तो पेट घेतो. तिथे पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंटच वापरा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर शेगडी पेटवण्याआधी लावा. त्या विषारी वायूला वास नसतो.