सेंट्रिफ्यूगल पंपाच्या केसिंगच्या रचनेने खरोखर फरक पडतो का?

आपला प्रश्न असा आहे की, समान प्रवाह आणि समान हेड (पंप द्रव जितका वर चढवू शकतो ती उंची) देणाऱ्या दोन पंपांपैकी एकाचे केसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, सिंगल व्होल्यूट (एकाच सर्पिल मार्गाचे) आणि दुसऱ्याचे डबल व्होल्यूट (दोन मार्गांत विभागलेले) असेल, तर महागड्या डबल व्होल्यूटसाठी जास्त पैसे मोजावेत का. फरक निश्चित पडतो. मात्र तो कॅटलॉगमध्ये छापलेल्या एका बिंदूवर फारसा जाणवत नाही, पंप त्या बिंदूपासून दूर चालू लागला की जाणवतो.

इम्पेलर, म्हणजे पंपातले फिरते पात्यांचे चाक, द्रवाला जी ऊर्जा देतो तिचा बराच भाग वेगाच्या रूपात असतो आणि त्या वेगाचे दाबात रूपांतर करणे हे केसिंगचे मुख्य काम आहे. सिंगल व्होल्यूटमध्ये इम्पेलरभोवतीच्या मार्गाचे क्षेत्रफळ कटवॉटरपासून (केसिंगची इम्पेलरजवळ येणारी जीभ) डिस्चार्जकडे, म्हणजे द्रव बाहेर पडण्याच्या तोंडाकडे, क्रमाने वाढत जाते. सर्वोत्तम कार्यक्षमतेच्या बिंदूवर, म्हणजे बीईपीवर, त्यामुळे परिघाभोवतीचा दाब जवळपास सारखा राहतो. प्रवाह कमी किंवा जास्त झाला की हा समतोल बिघडतो आणि इम्पेलर एका बाजूला ढकलला जातो. यालाच रेडियल थ्रस्ट म्हणतात. पंपतज्ज्ञ स्टेपॅनॉफ यांच्या प्रचलित सूत्रानुसार डिस्चार्जचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना हे बल सर्वाधिक असते आणि प्रवाह बीईपीच्या निम्मा असतानाही त्याचा सुमारे 75 टक्के भाग शिल्लक राहतो. शाफ्ट वाकतो, वेअर रिंग (इम्पेलर आणि केसिंगमधल्या फटीतल्या झिजणाऱ्या कड्या) घासतात, शाफ्टभोवतीची गळती रोखणारे मेकॅनिकल सील वारंवार गळते आणि बहुतेक ठिकाणी दोष मात्र सीलच्या दर्जाला दिला जातो.

डबल व्होल्यूटमध्ये एक आतली भिंत घालून 180 अंशांच्या अंतरावर दोन कटवॉटर तयार केलेले असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंची बले एकमेकांना बऱ्याच अंशी निष्प्रभ करतात. बल शून्य होत नाही, पण खूपच कमी होते. त्याची किंमत अशी की, द्रवाला घासणारा पृष्ठभाग वाढल्याने बीईपीवरील कार्यक्षमता किंचित घटू शकते, लहान पंपात ती भिंत ओतून तिच्यामागचा मार्ग साफ करणे अवघड जाते आणि द्रवात घन कण किंवा तंतू असतील तर ते अरुंद मार्गात अडकतात. गाळमिश्रित द्रवासाठी म्हणूनच प्रशस्त, वर्तुळाकाराकडे झुकणारे केसिंग घेतले जाते. पूर्ण वर्तुळाकार केसिंगमध्ये तर रेडियल थ्रस्टची रीत उलटी असते: व्हॉल्व्ह बंद असताना तो कमी असतो आणि प्रवाहाबरोबर वाढत जातो.

डिफ्यूझर केसिंगमध्ये इम्पेलरभोवती स्थिर पाती असतात. रचना सममित असल्याने रेडियल थ्रस्ट अल्प राहतो, म्हणून अनेक टप्प्यांच्या उच्च दाबाच्या पंपांत ती सोयीची ठरते. पण प्रवाह बदलला की पात्यांशी द्रवाचा कोन जुळत नाही, आणि इम्पेलरचा व्यास कमी केल्यास पात्यांपासूनचे अंतर वाढून कार्यक्षमता व्होल्यूटपेक्षा अधिक घसरते. पुढे इम्पेलर कापून हेड कमी करावे लागण्याची शक्यता असेल, तर मी व्होल्यूटच सुचवेन.

इम्पेलरपासून कटवॉटरपर्यंतचे किंवा डिफ्यूझरच्या पात्यांपर्यंतचे अंतर फार कमी ठेवणेही घातक असते, कारण इम्पेलरचे प्रत्येक पाते त्यांच्यासमोरून जाताना दाबाचा ठोका बसतो. एपीआय 610 या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पंपविषयक मानकात उच्च ऊर्जेच्या पंपांसाठी हे अंतर व्होल्यूट असल्यास इम्पेलरच्या त्रिज्येच्या किमान 6 टक्के आणि डिफ्यूझर असल्यास किमान 3 टक्के मागितले आहे.

केसिंग कुठे विभागले आहे हा प्रश्न मुख्यतः देखभालीचा आणि सुरक्षिततेचा आहे. आडव्या विभागणीत पाइप न सोडता वरचा भाग उचलून रोटर काढता येतो. मात्र त्या लांब सांध्यामुळे उच्च तापमानाला मर्यादा येते आणि एपीआय 610 नुसार 200 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला उभी, म्हणजे रेडियल विभागणीच लागते.

आपला पंप स्वच्छ द्रवावर, बहुतेक वेळ बीईपीच्या आसपास चालणार असेल, तर सिंगल व्होल्यूट पुरेसे आहे. व्हॉल्व्हने प्रवाह वरचेवर आवळला जाणार असेल किंवा पंप मोठा व जास्त हेडचा असेल, तर डबल व्होल्यूटवरचा जादा खर्च सील आणि बेअरिंगच्या वाढलेल्या आयुष्यातून भरून निघण्याची शक्यता मोठी आहे. निर्णयापूर्वी दोन्ही उत्पादकांकडून किमान अपेक्षित प्रवाहाला सीलच्या जागी शाफ्ट किती वाकेल याचा आकडा लेखी मागवावा.