जानेवारीची वाट बघू नका, आत्ताच घ्या

(हे उत्तर डिसेंबर २०२५मधलं आहे.) तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लेक गोव्यात फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. घरात २०१७चा आय३ लॅपटॉप, त्यात ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी). पुढच्या महिन्यापासून कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग सुरू होणार आणि नव्या लॅपटॉपसाठी हातात सत्तर हजार आहेत. म्हापशाचा दुकानदार म्हणतो आजच घ्या, पुण्याचा भाचा म्हणतो जानेवारीत नवे प्रोसेसर येताहेत, थांबा. आणि साखळी गावात बसून तुम्हाला ठरवायचंय की कुणाचं ऐकायचं.

आत्ता घ्या. दुकानदार म्हणतो म्हणून नव्हे. तुमच्या भाच्याची माहिती खरी आहे, पण ती तुमच्या सत्तर हजारांना लागू होत नाही. हे मी एका पोराचं वर्ष घालवून शिकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०२०च्या ऑगस्टमध्ये माझा पुतण्या डिप्लोमाला होता. कॉलेज बंद, सगळं ऑनलाइन. सत्तरी तालुक्यात भावाच्या घरी रेंज नाही, म्हणून पोरगं फोन घेऊन घरामागच्या डोंगरावर जाऊन बसायचं. पाऊस आला की छत्री खांद्याला टेकवून, फोन पोटाशी धरून लेक्चर ऐकायचं. भावानं मला विचारलं, पन्नास हजार जमवलेत, कुठला घेऊ? तेव्हा प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या रायझन ४००० मालिकेचे लॅपटॉप बाजारात होते आणि चांगले होते. मी म्हटलं, "थांब, ५००० येतोय. झेन ३ आहे, म्हणजे आतली रचनाच नवी, फार मोठा फरक पडणार." भाऊ माझ्या शब्दावर थांबला.

घोषणा झाली जानेवारी २०२१मध्ये. माल आमच्याकडे यायला मार्च उजाडला. तोवर जगभर चिपांची टंचाई, मग दुसरी लाट, दुकानं बंद. लॅपटॉप घरात आला जूनमध्ये, म्हणजे दहा महिन्यांनी. खोक्यावर रायझन ५ ५५००यू. रात्री मी तो नीट तपासला, तर आत झेन ३ नव्हताच. झेन २ होता, सहा कोअर (काम करणारे भाग), बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). ऑगस्टमध्ये ४००० मालिकेतला जो ४६००यू सोडून मी "थांब" म्हटलं होतं, जवळजवळ तोच. त्या मालिकेत ५६००यू आणि ५८००यू हे झेन ३चे होते, पण ५३००यू, ५५००यू आणि ५७००यू हे जुन्याच झेन २चे. पन्नास हजारांच्या मशीनमध्ये बसवला जात होता तो हा जुना. आणि त्या दहा महिन्यांत वर्गातली बाकी मुलं ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर हात बसवत होती, माझा पुतण्या कागदावर. त्यानं पुढे भरून काढलं, पण त्याला जे कष्ट पडले ते मी जवळून पाहिलेत.

तेव्हापासून मी एक गोष्ट प्रत्येकाला सांगतो. नवा प्रोसेसर आधी महागड्या मशीनमध्ये येतो. आपल्या किमतीत येतो तो बहुतेक वेळा नव्या नावाचा जुना.

आजही तेच चालू आहे. इंटेलचं बघा. २०२२चा आय५-१२४५०एच, २०२३चा आय५-१३४२०एच आणि आता दुकानात नवा म्हणून दाखवतात तो कोअर ५ २१०एच. तिघांतही चार मोठे कोअर, चार छोटे कोअर, बारा थ्रेड. वेग थोडाथोडा वाढवलाय, नाव पार बदललंय. एएमडीच्या ७००० मालिकेत तर खूण नंबरातच आहे, ती शिकून घ्या, दुकानात फार उपयोगी पडते. चार आकड्यांतला तिसरा आकडा बघायचा. ७५२०यूमधला २ म्हणजे झेन २, ७५३०यूमधला ३ म्हणजे झेन ३, ७६४०एचएसमधला ४ म्हणजे झेन ४. पहिला ७ बघून तिन्ही सारखेच नवे वाटतात, प्रत्यक्षात त्यांच्यात वर्षांचं अंतर आहे. विशेषतः ७५२०यूपासून दूर राहा. त्यात चारच कोअर, आणि रॅम बोर्डावरच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

आता भाचा ज्याच्याबद्दल सांगतोय तो प्रोसेसर. इंटेलनं ऑक्टोबर २०२५मध्ये पँथर लेक दाखवला. तो त्यांच्या चिप बनवायच्या नव्या १८ए पद्धतीनं बनतोय आणि जानेवारी २०२६मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनापासून मशिनं दिसू लागतील. वस्तू चांगली असणार यात मला शंका नाही. पण याआधीचा लूनर लेक सप्टेंबर २०२४मध्ये आला, तेव्हा तो आपल्याकडे लाखाच्या वरच्या पातळ मशीनमध्येच दिसत होता. याचंही तसंच होईल असा माझा अंदाज आहे. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेच्या सुमाराला, जानेवारीत, घोषणा, दुकानात यायला मार्चमधला शिगमो, आणि किंमत खाली यायला सप्टेंबरातली चवथ (गणेश चतुर्थी). चवथीलाही तो सत्तर हजारांत मिळेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. तोवर तुमच्या लेकीचं दुसरं सत्र संपलेलं असेल.

थांबण्याच्या बाजूनं एक मुद्दा नेहमी खरा असायचा, की नवं आलं की जुनं स्वस्त होतं. गिऱ्हाईक असं थांबेल याची कंपन्यांनाही भीती असते. १९८१ साली अ‍ॅडम ऑस्बोर्न नावाच्या माणसानं सुमारे अकरा किलोचा, हातात धरून नेता येईल असा कॉम्प्युटर काढला आणि तो धडाक्यात खपला. (या माणसाचं लहानपण तमिळनाडूत तिरुवण्णामलैला गेलं, हे मला फार आवडतं.) १९८३च्या सुरुवातीला पुढच्या मॉडेलची चर्चा सुरू झाली, दुकानदारांनी जुन्याच्या ऑर्डरी थांबवल्या, आणि सप्टेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. तेवढं एकच कारण नव्हतं, पण गिऱ्हाईक वाट बघत बसलं की काय होतं याचं उदाहरण म्हणून ते आजही देतात.

यंदा मात्र जुनं स्वस्त होण्याचा हिशेब चालत नाहीये, आणि याचं कारण रॅम. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या कारखान्यांत बनते. एआयच्या डेटा सेंटरांना वेगळ्या प्रकारची महाग मेमरी लागते, तिच्यात नफा जास्त, म्हणून कारखाने तिकडे वळलेत आणि साध्या लॅपटॉपच्या रॅमचा तुटवडा पडलाय. या डिसेंबरात (२०२५) तर मायक्रॉननं आपला क्रूशियल हा किरकोळ विक्रीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मी मे महिन्यात ऑफिससाठी १६ जीबीची पट्टी घेतली होती, तीच परवा विचारली तर दुपटीहून जास्त सांगितली. दुकानात आज जो लॅपटॉप आहे तो जुन्या भावाच्या रॅमनं बनलेला आहे. पुढचा माल नव्या भावानं येणार. म्हणून दुकानदाराच्या घाईत त्याचा फायदा असला तरी या वेळी तो खोटं बोलत नाहीये. कुणी जीएसटी कमी होईल म्हणून थांबा म्हणालं तर तेही सोडा. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी उतरला तो टीव्ही, एसीसारख्या वस्तूंवर. लॅपटॉप आधीही १८ टक्क्यांत होता, आजही आहे.

आणि घरचा जुना आता भरवशाचा नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. २०१७चा आय३ बहुधा सातव्या पिढीचा असेल आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी लागते. त्यात एसएसडी (वेगवान स्टोरेज) बसवून विंडोजऐवजी लिनक्स टाका, धाकट्याला अभ्यासाला चालेल. सॉलिडवर्क्स हे इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं जड सॉफ्टवेअर त्यावर चालवायचं मनातही आणू नका.

घ्यायचं काय, तर मेकॅनिकल आहे हे डोक्यात ठेवून. सॉलिडवर्क्स आणि कॅटिया विंडोजवर चालतात, म्हणून मॅकबुक कितीही सुंदर असला तरी तिच्यासाठी नको. स्नॅपड्रॅगनचे विंडोज लॅपटॉपही नकोत. त्यांची बॅटरी छान टिकते, पण आतली घडण वेगळी, आणि इंजिनिअरिंगची सॉफ्टवेअरं तिथे अडतात. एआय पीसी असं स्टिकर लावलेल्या मशीनला त्या स्टिकरसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. तिच्या ड्रॉइंगला त्याचा उपयोग नाही.

१६ जीबी रॅम आतच असलेला घ्या. "८ घ्या, नंतर वाढवू" हा सल्ला गेल्या वर्षीपर्यंत मीही देत होतो, आता तो महागात पडेल. ८ अधिक ८ अशा दोन पट्ट्या असतील तर उत्तम. ५१२ जीबी एसएसडी पुरते. वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५०, ६ जीबीवालं, तुमच्या पैशांत बसायला हरकत नाही. थोडं ताणून ४०५० मिळालं तर आनंदच. एक विचारा, कार्डाला किती वॅट देतात? एकाच नावाचं कार्ड एका मशीनमध्ये निम्म्या ताकदीनं चालवलेलं असतं आणि दुसऱ्यात पूर्ण. प्रोसेसर आय५-१२४५०एच असो की २१०एच, तिला चार वर्षांत फरक कळणार नाही. पंखे आणि हवा बाहेर पडायच्या जाळ्या बघा, फरक तिथे कळेल. गरम झालं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, मग नवा असो वा जुना. स्क्रीनच्या माहितीत ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते याचं माप) लिहिलेलं असेल तर रंग फिके असणार. ड्रॉइंगला चालतं, डोळ्यांना मात्र चांगली स्क्रीन बरी वाटते. वजनही हातात घेऊन बघा. असली मशिनं चार्जर धरून अडीच-तीन किलोंपर्यंत जातात आणि ती रोज कदंबच्या बसमधून उभ्यानं नेणार आहे.

पुण्याच्या भाच्याला माहीत नसेल असा एक भाग आहे, आपली हवा. मी ओळखीच्यांचे लॅपटॉप उघडून साफ करून देतो. मागच्या पावसाळ्यात मोरजीहून, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरातून एक आला होता. दोन वर्षांचाच. यूएसबीच्या तोंडाशी हिरवट पूड, बिजागरीचे स्क्रू फिरवताना त्यांची डोकीच झडली. तुमच्या बाजूला खारी हवा नाही, पण लाल धूळ आहे. डिचोलीच्या एका मशीनच्या पंख्यातून मी ब्रशनं काढली ती धूळ कागदावर ठेवली, तर कुंकवाच्या पुडीएवढी भरली. दमट हवेत ती पंख्याच्या पात्यांवर लिंपल्यासारखी बसते. दर वर्षी पावसाळा संपला की साफ करून घ्या. जूनमध्ये वादळी पावसात लायट जायला-यायला लागली की चार्जर काढून ठेवायला लेकीला आत्तापासून सांगा. माडाची झावळ तारेवर पडली की लायट येताना झटका देते, आणि त्यात मी चार्जर आणि एकदा अख्खा मदरबोर्ड गेलेला पाहिलाय. पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ चालू राहिला तर आतली ओल सुकते.

वॉरंटी घेताना घरी येऊन दुरुस्ती, अशीच घ्या, आणि ती साखळीच्या पिनकोडला लागू आहे का हे तोंडी नको, लिहून घ्या. माझ्या एका मशीनची बिजागरी तुटली तेव्हा कंपनीचा माणूस दोन दिवसांत आला, पण सुटा भाग बाहेरून यायला तीन आठवडे गेले. परीक्षेच्या तोंडावर तीन आठवडे म्हणजे काय, हे तुम्हीच बघा. पडझडीचा विमा वेगळा मिळतो, बसनं जाणाऱ्या मुलीसाठी तो घ्यावा असं मला वाटतं.

मी थांबायला कधी सांगेन? हातात लाख-सव्वा लाख असते, काम वेगळं ग्राफिक्स कार्ड न लागणारं असतं आणि घरचा लॅपटॉप ठणठणीत असता, तर नक्की म्हटलं असतं की मार्चपर्यंत थांबा. तुमच्याकडे यातलं एकही नाही.

शनिवारी दुकानात जाल तेव्हा लेकीला बरोबर न्या, की-बोर्डावर तिला पाच मिनिटं टाइप करू द्या. खोकं समोर फोडायला लावा. चालू केल्यावर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडा, रॅमच्या पट्ट्यांचे किती स्लॉट भरलेत ते तिथे दिसतं. खोक्यावरचा, मशीनच्या पोटावरचा आणि बिलावरचा सिरीयल नंबर जुळवा. दुकानदार जे मॉडेल सुचवेल त्याचं नुसतं नाव नको, पूर्ण नंबर लागेल, कारण एकाच नावाखाली दहा प्रकार असतात. तो नंबर शुक्रवारी रात्रीपर्यंत इथे टाकलात तर मी आतलं सगळं बघून सकाळी तुम्ही निघायच्या आधी कळवतो.